परतणाऱ्याचा डोंगर, राहिलेल्याचे रान

गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’ (१९५८) या कादंबरीतील बुधा आयुष्याचा मोठा भाग मुंबईत काढतो आणि उतारवयात राजमाचीच्या डोंगरावरील आपल्या मूळ जागी परततो. मराठी कथात्म साहित्यात परतण्याच्या कहाण्या पुष्कळ आहेत, परंतु परतणे आणि चढणे या दोन क्रिया इतक्या एकजीव झालेली दुसरी कादंबरी चटकन आठवत नाही. बुधाचे घर वर आहे. त्यामुळे घरी जाणे म्हणजेच डोंगर चढणे. या एकरूपतेची किंमतही कादंबरी चुकती करते. बुधा एकटा आहे. झाडे, पाखरे, जनावरे यांच्याशी त्याचे नाते जेवढ्या निगुतीने रेखाटले जाते, तेवढी जागा त्याच्या बरोबरीच्या माणसांना मिळत नाही. दांडेकरांच्याच दुर्गभ्रमणविषयक गद्यात नेमके उलट घडते. तेथे सोबती आहेत, गप्पा आहेत, एकमेकांचा हात धरून ओलांडलेले अवघड टप्पे आहेत. मात्र तो डोंगर कोणाचेही घर नाही. भटकंती आटोपली की मंडळी खाली उतरतात आणि आपापल्या गावी जातात.

म्हणजे एकाच लेखकाच्या दोन वाङ्मयप्रकारांत घर, डोंगर आणि मित्र या तीन घटकांपैकी दोनच एका वेळी जुळतात. तिसरी जुळणी, म्हणजे गावी परत येऊन, मागे राहिलेल्या जुन्या मित्रांना घेऊन, गावच्याच डोंगरावर जाणे, ही प्रत्यक्ष व्यवहारात अत्यंत सामान्य गोष्ट आहे. दर दिवाळीला ती महाराष्ट्रातील असंख्य गावांत घडते. तिला मराठीत ठळक वाङ्मयीन रूप का मिळाले नाही, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु ग्रामीण साहित्याच्या आणि देशीयतेच्या चर्चेने जो एक पेच सतत टाळला आहे, तो या प्रश्नापाशी उघडा पडतो.

हा प्रश्न सह्याद्रीच्या कुशीत विचारून चालणार नाही, कारण तेथे उत्तर आधीच तयार आहे. तो हिंगोलीसारख्या जिल्ह्यात विचारावा लागतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत पसरला आहे. औंढा नागनाथचा परिसर डोंगराळ आहे. पण कळसूबाईच्या १६४६ मीटरांच्या मापाने पाहणाऱ्याला येथील उंचवटे टेकड्यांसारखेच दिसतील. उंची हे मात्र खरे कारण नव्हे. मराठीतील गिरिभ्रमणाचे लेखन प्रामुख्याने दुर्गांच्या आणि शिवकालाच्या स्मरणातून वाढले. डोंगर चढणे म्हणजे इतिहासात चढणे, हे त्याचे गृहीतक होते. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिलेला मराठवाडा या स्मरणाच्या नकाशाच्या कडेला पडला. कंधार, परांडा, औसा, नळदुर्ग हे त्याचे किल्ले बहुतांशी भुईकोट, आणि त्यांचा इतिहास बहमनी, निजामशाही, आदिलशाही अशा वेगळ्या वंशावळींत गुंतलेला. हिंगोलीच्या डोंगराला तर तेवढाही तट नाही. चढून जावे असे तेथे वर काही ‘घडलेले’ नाही, अशी या लेखनपरंपरेची नकळत समजूत झाली.

जे घडलेले आहे ते शब्दांत साठले आहे. मराठवाड्याच्या बोलीत ‘रान’ म्हणजे जंगल जसे, तसेच शेतही. सकाळी रानात गेलेला माणूस बहुधा आपल्या वावरात काम करीत असतो. नागर वाचक ‘रान’ हा शब्द ऐकून ज्या हिरव्या एकांताची कल्पना करतो तिला या बोलीत फारसा थारा नाही. ‘माळ’ आणि ‘बरड’ हे शब्दही दृश्याचे वर्णन करीत नाहीत, ते जमिनीचा कस सांगतात: येथे माती उथळ आहे, पीक बेताचे येईल, ढोरे मात्र चरतील. डोंगरावर जाण्याला कारण लागते. सरपण, गवत, हरवलेली शेळी, डिंक, मोहाची फुले. कारणावाचून डोंगरावर जाणे ही क्रिया बोलीला ठाऊक नाही असे नाही, पण ती पोरवयाची आहे. आणि पोरवयातही ती बहुधा गुरे वळण्याच्या कामाला चिकटूनच येते.

‘गडी’ या शब्दाकडे तर अधिक थांबून पाहिले पाहिजे. खेळातला जोडीदार तो गडी, जिवाभावाचा मित्र तोही गडी, आणि वर्षाच्या बोलीवर राबणारा तो सालगडी. एका शब्दात मैत्री आणि मजुरी यांची अशी शेजारवस्ती मराठीने सहज करून ठेवली आहे, आणि टीकेने तिच्याकडे कोशातील अर्थभेद म्हणूनच पाहिले. प्रत्यक्षात हा अर्थभेद अनेकांच्या बाबतीत चरित्राचा क्रम असतो. दहाव्या वर्षी विटीदांडूतला गडी असलेला मुलगा विसाव्या वर्षी त्याच मित्राच्या घरचा सालगडी होतो. मित्र शिकायला परभणीला, औरंगाबादला किंवा पुण्याला गेलेला असतो. तो परत येतो तेव्हा ‘गड्या, चल डोंगरावर’ या हाकेत तो शब्द कोणत्या अर्थाने उच्चारला गेला, हे बोलणारा आणि ऐकणारा वेगवेगळे समजू शकतात. या हाकेला नकार देता येईल काय, हा त्या मैत्रीतला खरा कळीचा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट परतण्याच्या साहित्याने लक्षात घेतलेली नाही. ‘गावात राहिलेला मित्र’ ही संकल्पनाच बरीचशी काल्पनिक आहे. मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हिंगोलीच्या डोंगरपट्ट्यातूनही माणसे याच हंगामात गाव सोडतात. नोकरदार मुलगा दिवाळीला गावी येतो तेव्हा त्याचा जुना सोबती कोयते आणि बिऱ्हाड बांधून निघण्याच्या तयारीत असतो. एकाचे परतणे आणि दुसऱ्याचे जाणे एकाच आठवड्यात, कधी एकाच एस. टी. थांब्यावर घडते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळाने धनगर वाडी सोडून जातात आणि बाहेरून आलेला मास्तर त्या रिकाम्या होणाऱ्या वस्तीचा साक्षी उरतो. तेथे स्थिर कोण आणि प्रवासी कोण, हा क्रम उलटण्याची शक्यता मराठी कादंबरीने एकदा पाहिली होती. नंतरच्या बऱ्याचशा ग्रामीण लेखनाने ती सोडून दिली आणि गाव म्हणजे जागच्या जागी थांबलेले, परतणाऱ्याची वाट पाहणारे काहीतरी, असे मानणे सोयीचे केले. ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर सांगवीला परततो तेव्हा हे गृहीतक बऱ्याच प्रमाणात मोडते, कारण गावच त्याला अडगळीसारखे वागवू लागते. पण तेथेही त्याचे मित्र म्हणून आठवतात ते पुण्यातले. गावातल्या बरोबरीच्यांशी त्याचा संवाद तुटलेलाच राहतो.

युरोपीय परंपरेत या प्रसंगाचा आद्य नमुना पेत्रार्कचा. त्याच्या पत्रावर २६ एप्रिल १३३६ ही तारीख आहे. व्हांतू हा डोंगर तो लहानपणापासून पाहत आला होता, म्हणजे हा परक्या शिखराचा ध्यास नाही, घराजवळच्या डोंगराचा आहे. सोबत कोणाला न्यावे याचा विचार करताना तो एकेका मित्राला मनात आणतो आणि बाद करतो: कोणी फार मंद, कोणी फार उतावळा, कोणी उदास, कोणी बडबड्या. अखेरीस तो धाकट्या भावाला घेऊन जातो. वाटेत एक म्हातारा मेंढपाळ भेटतो. आपण तरुणपणी वर गेलो होतो, अंग आणि कपडे काट्यांनी फाडून घेण्याखेरीज हाती काही लागले नाही, असे तो सांगतो. पेत्रार्क त्याचे ऐकत नाही, आपले जादा सामान त्याच्याकडे ठेवतो आणि चढतो. शिखरावर तो ऑगस्टीनचे पुस्तक उघडतो आणि स्वतःच्या अंतरंगाकडे वळतो. हे पत्र त्या दिवशी लिहिले गेले नसून पुष्कळ वर्षांनी रचले गेले असावे, असे अभ्यासक मानतात. तसे असेल तर मेंढपाळाचे स्थान अधिकच अर्थपूर्ण ठरते, कारण तो योगायोगाने भेटलेला उरत नाही, रचनेसाठी आवश्यक झालेला असतो. चढणाऱ्याचे आत्मज्ञान उजळून दिसावे म्हणून त्याला आधी वर जाऊन आलेला, पण ‘काही न मिळालेला’ असा एक माणूस खाली ठेवावा लागतो. आणि सामान सांभाळण्याचे काम त्याच्याकडेच येते.

रेमंड विल्यम्सने ‘द कंट्री अँड द सिटी’मध्ये (१९७३) भूदृश्य पाहण्यासाठी श्रमापासून अंतर लागते, हा मुद्दा इंग्रजी साहित्याच्या संदर्भात विस्ताराने मांडला. त्याचा हवाला मराठी समीक्षेत दिला जातो तो बहुधा येथेच थांबतो. वेल्सच्या सीमेवरील खेड्यात रेल्वे सिग्नलमनच्या घरी जन्मलेल्या विल्यम्सने याच अंतराची गोष्ट ‘बॉर्डर कंट्री’ (१९६०) या कादंबरीत आतून लिहिली होती. लंडनमधला अध्यापक मॅथ्यू वडिलांच्या आजारपणात गावी येतो आणि गावात त्याला विल या घरच्या नावाने हाक मारली जाते. दोन नावे, दोन नजरा, आणि त्यांतून कोणतीही एक खोटी ठरवता न येणे, हा त्या कादंबरीचा ताण आहे. मराठवाड्यातून बाहेर पडलेल्या कोणत्याही प्राध्यापकाला गावच्या पारावर ऐकू येणाऱ्या टोपणनावात हाच ताण असतो. तो सिद्धान्तात आला, सृजनशील लेखनात मात्र अपवादानेच.

पेत्रार्क व्हांतू चढला तेव्हा नामदेव हयात होते. परंपरेने त्यांचा काळ १२७० ते १३५० असा धरला जातो. हा केवळ कालक्रमाचा योगायोग म्हणून सोडून देता आला असता, पण परतणे, मित्र आणि ‘आधीपासून तेथे असलेला माणूस’ या तिन्ही सूत्रांची एक पूर्णतः वेगळी मांडणी नामदेवांभोवतीच्या आख्यानांत सापडते, आणि तिचे स्थळ हिंगोली जिल्ह्यातले आहे. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून कयाधूकाठचे नर्सी मानले जाते. याविषयी वाद आहेत. नामदेवांच्या नावावरील आत्मचरित्रपर अभंगांच्या कर्तृत्वाविषयी त्याहून मोठे वाद आहेत. येथे प्रश्न ऐतिहासिक सत्याचा नसून आख्यानाच्या रचनेचा असल्याने हे वाद बाजूला ठेवता येतात.

आख्यान सर्वांना ठाऊक आहे. संतमेळ्यात गोरोबा थापटण्याने एकेकाचे मडके तपासतात आणि नामदेव कच्चे ठरतात. हा निवाडा परक्यांचा नाही, सवंगड्यांचा आहे. अपमान खोल जातो तो त्यामुळे. नामदेव पंढरीला जाऊन विठ्ठलाकडे गाऱ्हाणे करतात, आणि विठ्ठल त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवतो. परंपरेतील एका प्रबळ धाग्यानुसार ही भेट औंढा नागनाथच्या देवळात होते. नर्सीपासून औंढा काही फार लांब नाही. तेव्हा मित्रांनी कच्चा ठरवलेला मनुष्य आपल्या जन्मभूमीच्या परिसरात परत येतो, अशीही ही गोष्ट आहे. आणि आश्चर्य असे की, आख्यान स्वतः या गोष्टीला परतणे म्हणत नाही. नामदेवांचे घर त्याच्या दृष्टीने पंढरपूर. ‘तीर्थावळी’च्या अभंगांतही ज्ञानदेवांबरोबरच्या दीर्घ यात्रेनंतरची घरवापसी आणि तिचे मावंदे पंढरीतच होते. जन्मगावाला परतणे हे येथे मुळी मूल्यच नाही, ही बाब देशीयतेच्या प्रवक्त्यांनी मनावर घेण्याजोगी आहे.

देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले असतात. नामदेव हबकतात. जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, असे विसोबा सांगतात; पाय ठेवावेत तेथे पिंड दिसते. या प्रसंगाचा अद्वैतपर अर्थ कीर्तनांतून शेकडो वर्षे सांगितला गेला आहे आणि त्यात चूक काही नाही. पण त्याची देहबोली अद्वैताच्या आधी पाहावी लागते. दुरून आलेला माणूस उभा आहे, भारावलेला आहे, कोठे पाऊल ठेवावे याविषयी सावध आहे. तेथे असणारा माणूस आडवा आहे, आणि ज्या वस्तूसमोर दुसरा नतमस्तक होतो तिचा तो उशीपायथ्यासारखा उपयोग करतो. पेत्रार्कच्या मेंढपाळाचे आणि विसोबांचे स्थान रचनेत एकच आहे. फरक पडतो तो पुढे. पेत्रार्क मेंढपाळाला ओलांडून वर जातो. नामदेव विसोबांचे पाय स्वतःच्या हातांनी उचलतात, म्हणजे त्या माणसाच्या देहाचे वजन त्यांना घ्यावे लागते, आणि ज्ञान होते ते या उचलण्यातच. परंपरेने विसोबांना मूळचे औंढ्याचे म्हटलेले नाही. त्यांची पूर्वकथा आळंदीकडे नेते. हेही महत्त्वाचे आहे. स्थानिकत्व जन्माने आलेले नाही, ते त्या जागेत अंग टाकून देता येण्याच्या सवयीतून आले आहे.

औंढ्याच्या देवळात ज्योतिर्लिंगाचे दर्शन घ्यायला अरुंद वाटेने खाली, भुयारासारख्या गाभाऱ्यात उतरावे लागते. शिखराकडे चढत जाणाऱ्या साहित्याच्या शेजारी ही उतरण ठेवून पाहिली की दोन्हींच्या दिशा किती वेगळ्या आहेत ते कळते.

याच देवळाविषयीची दुसरी आख्यायिका अधिक प्रसिद्ध: कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागे पाठवण्यात आले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची म्हणून जी ६१ पदे आहेत त्यांतही हा प्रसंग येतो. तेथे औंढ्याचे नाव नाही, पण जातीमुळे उठवले गेल्याचा सल स्पष्ट आहे. ख्रिश्चन नोवेट्झके यांनी नामदेवांकडे सार्वजनिक स्मृतीचा विषय म्हणून पाहिले (२००८), त्या पद्धतीने पाहता पंजाबपासून मराठवाड्यापर्यंत लोकांनी या गोष्टीतून जपले ते जागेच्या वळण्याचे दृश्य. जागा कोणाकडे तोंड करते, हा तिचा प्रश्न आहे. डोंगरमाथ्यावर उभ्या राहिलेल्या परतणाऱ्यालाही नेमके हेच हवे असते: गाव, नदी, शाळा, शेत यांनी एकदम आपल्याकडे तोंड करावे. वरून दिसणारे दृश्य ही त्याच्यापुरती फिरलेली वास्तू असते. भेद इतकाच, आणि तो थोडाथोडका नाही, की नामदेवांना मागे बसवले गेले होते. परतणाऱ्याला कोणी मागे बसवलेले नसते. उलट, त्याला चहा विचारणाऱ्या, बसायला खुर्ची आणून देणाऱ्या घरांतून तो वर आलेला असतो. मागे बसलेला असलाच तर तो शेजारी आहे, पायाचा काटा काढत.

मराठी कवितेत या काट्याची दखल घेतली गेली ती याच जिल्ह्यातील एका कवीकडून. वसमत तालुक्यातील रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव यांनी ‘पीकपाणी’पासून (१९८९) कुणब्याच्या श्रमाची कविता त्याच्याच बोलीत लिहिली. गावाकडे येण्यासाठी दोस्ताला घातलेली त्यांची साद महाराष्ट्रभर गायिली गेली. लोकप्रियतेमुळे तिच्या रचनेकडे मात्र दुर्लक्ष झाले. तेथील वाट काट्याकुट्यांची आहे आणि ती तुडवतच जायचे आहे. निवेदक दोस्ताला देखावा दाखवायला बोलावत नाही, राबणारी माणसे दाखवायला बोलावतो. त्यामुळे नागर निसर्गप्रेमाची सोय त्याच्या पहिल्याच पावलाला बंद होते. हे या कवितेचे सामर्थ्य निर्विवाद आहे. परंतु यातला दोस्त बाहेरचा आहे. निवेदक स्वतः गावाचा आणि तरीही गावाबाहेरच्याशी बोलू शकणारा, म्हणजे विल्यम्सच्या मॅथ्यूप्रमाणे दोन नावांचा आहे. जो जुना गडी त्या वाटेवर रोज चालतो त्याला हे आमंत्रण अर्थातच नाही, कारण त्याला ‘चल’ म्हणण्याची गरज नाही. कवितेत तो दिसतो, बोलत नाही. साद घालण्याच्या प्रकाराची ही मर्यादा आहे, कवीच्या दृष्टीची नव्हे. तिसऱ्या आवाजाला जागा द्यायला गाण्याहून सैल, अधिक आडमुठा असा वाङ्मयप्रकार लागतो.

असा प्रकार परंपरेत अगदीच नव्हता असेही नाही. वारकरी काल्याच्या अभंगांत गोपाळ गुरे घेऊन रानात जातात, खेळतात आणि शिदोऱ्या एकत्र करून खातात. डोंगर, सवंगडी आणि काम तेथे वेगळे काढता येत नाहीत. गुरे वळणे हाच खेळ आणि खेळ हेच गुरे वळणे. कृष्णाची भाकरी कोणती आणि पेंद्याची कोणती, हे कालवल्यावर सांगता येत नाही. अडचण अशी की, काल्यातले गोपाळ कधी मोठे होत नाहीत. कृष्ण मथुरेला जातो तो परत येत नाही, आणि कोणी पेंद्या चाळिशीत सालगडी झालेला परंपरेने दाखवलेला नाही. आधुनिक मराठी गद्याला जी गोष्ट लिहायची राहिली आहे ती येथून पुढची आहे: गोकुळात दिवाळीला आलेला कृष्ण, आणि उद्या तोडीला निघायचे म्हणून अर्ध्या मनाने त्याच्याबरोबर डोंगर चढणारा पेंद्या. ती कोणाच्या तोंडून सांगितली जाईल यावर बहुतेक सारे अवलंबून आहे. परतणाऱ्याने सांगितली तर पेत्रार्कचा मेंढपाळ पुन्हा एकदा सामान राखत खाली बसण्याचा धोका आहे. राहिलेल्याने सांगितली तर कदाचित त्या गोष्टीत डोंगरच येणार नाही. येईल ते रान, त्यातली वाट, आणि वर पोहोचल्यावर पाहुण्याला सावली कोठे सापडेल याची काळजी.